दीड व्होल्ट

मुतगेकर कंपाउंडर गाडी ढकलतच आला,
मलप्रभेच्या पुलापासून. पाठ घामानं ओली.
"दोन बॅटऱ्या झाल्या," म्हणाला,
"एक हितंच खानापुरात, दुसरी बेळगावला.
तरी सकाळी बटण दाबलं की कण्हाय लागतंय.
आणि ह्या मॉडेलला किक नाही. कंपनीनंच काढून टाकली."

मी म्हटलं, दाब.

ऊंऽऽ… ऊंऽऽ… ऊं.

"बास. ऐकलं."

नुसतं टकटक वाजलं असतं तर बॅटरी म्हटलो असतो.
मोकळंच सुसाट फिरलं असतं तर आतला क्लच.
हे म्हणजे
चुलीवर भात भरपूर आहे, खरं
ताटात पडत नाही, असं कायतरी.

इराप्पा पान्यानं मोटर ठोकायला निघाला.
बैलहोंगलचं पोर. आठ महिने झाले. हात चांगला आहे,
खरं आधी ठोकतंय, मग बघतंय.
"थांब की. मीटर आण."

बॅटरीवर साडेबारा. बटण दाबून साडेअकरा.
"कंपाउंडर, ही तर पैलवान आहे. हिला का बदलाय निघालास?"
लाल वायर, रिले, मोटरचा नट,
सगळ्या वाटेत मिळून पॉइंट दोन.
तेवढं चालतंय. पंगतीत वाढणाऱ्याच्या हातनं
तेवढं सांडतंयच.

मग एक पिन बॅटरीच्या मायनसला,
दुसरी इंजिनच्या उघड्या अंगाला,
आणि बटण.

दीड.

जिथं शून्याजवळ पाहिजे, तिथं दीड व्होल्ट.

"अर्थ नाही," मी म्हणालो.
"अर्थ आगलिल्ला," इराप्पा म्हणाला.
त्याला खरंच कळलं नव्हतं,
आणि मला वाटलं, पोरगं माझंच वाक्य
कन्नडमधनं म्हणतंय.
नंतर दोघंही हसलो, पोट धरून.
कंपाउंडर हसला नाही. त्याला वाटलं
त्याच्या गाडीला हसतोय.

तवा समजावून सांगितलं, दोन भाषांत, थोडं हातांनी:
जाणारा करंट सगळे तपासतात, जाड लाल वायरीतला.
परत येणाऱ्याची वाट कोण बघत नाही.
त्याला इंजिनच्या अंगावरनं, एका बोल्टमधनं
घरी यायचं असतंय. तिथंच अडलंय.

सीट काढली. बोल्ट सुटता सुटेना.
सुटला तर खाली चकचकीत काळा रंग,
चांगले दोन हात दिलेले,
कडेला हिरवट बुरा.
दोन पावसाळे आट्यांनी कसंबसं निभावलं असणार,
मग आट्याही गंजल्या.

"इंजिन कुणी रंगवलं?"

"भावानं. चोर्ल्याच्या घाटात पडलो होतो तवा.
सगळं खोलून बसला. कोपऱ्यांना दात घासायचा ब्रश.
चार दिवस जेवायला हाका मारायला लागायच्या."

"आता कुठं असतोय?"

"म्हापशाला," म्हणाला, सीटखालच्या धुळीकडं बघत.
मी पुढं विचारलं नाही.

सँडपेपर घेतला तसा तो वाकला.
"सगळं खरवडणार?"
"आठाण्याएवढं."
"तेवढंच?"
"तेवढंच लागतंय."

इराप्पाकडनं घासून घेतलं. हळू घासलं त्यानं,
ठोकणाऱ्या हातानं कधी नव्हे ते इतकं हळू.
काळ्यातनं पांढरा धातू वर आला.
लग घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीसचं बोट.

बटण.
अंगठा उचलायच्या आतच गाडी चालू.
कौलांच्या भट्टीवरची कबुतरं उडाली,
आणि कंपाउंडर उगाच मागं सरकला,
जणू कुणी ओळखीचं अंगावर आलं.

चाळीस रुपये म्हटलं. तो पाकीट उघडून तसाच उभा.
"म्हणजे पहिली बॅटरीबी चांगलीच होती?"
"होय की."
"भंगारात दिली तीनशेला."

गाडी चालूच होती. बंद करायचं धाडस
दोघांनाही होईना.